हॉस्पिस चांगलं आहे का, हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांच्या शेवटच्या साडेतीन महिन्यांत आम्ही दोन संस्था अनुभवल्या. पहिलीनं गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक दिलं, बाग दाखवली आणि तिसऱ्या रात्री फोन उचलला नाही. दुसरीचं ऑफिस एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं, पंखा कुरकुरत होता. पण तिथल्या सिस्टरनी पहिल्याच भेटीत पलंगाच्या कडेला बसून बाबांना विचारलं, "काका, दुखणं दहापैकी किती?" तोवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

तेव्हापासून ओळखीच्यांचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे फोन येत असतात. मी डॉक्टर नाही. जे तेव्हा मला कळायला हवं होतं आणि जे नंतर या कामातल्या लोकांकडून शिकले, ते इथे लिहिते आहे. औषधाचं प्रमाण मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

हॉस्पिस म्हणजे हॉस्पिटल की वृद्धाश्रम?

दोन्ही नाही. वृद्धाश्रमात माणूस राहायला जातो, हॉस्पिटलात बरं व्हायला. आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, पण माणूस अजून आहे. त्याला दुखतंय, दम लागतोय, झोप नाही, भीती वाटते आहे, अशा वेळी हॉस्पिस लागतं. तिथे कॅन्सरवर किंवा किडनीवर उपचार होत नाहीत, त्या माणसाच्या त्रासावर होतात.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात १९६७ साली लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानली जाते. ते सुरू करणाऱ्या सिसली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. दुखणं नुसतं शरीराचं नसतं. मन, पैसा, घरातली माणसं आणि 'माझ्याच वाट्याला हे का' हा प्रश्न, हे सगळं त्यात असतं, असं त्या सांगत. चांगल्या संस्थेत डॉक्टर आणि सिस्टरबरोबर समाजसेवक आणि समुपदेशकही असतात ते यामुळेच.

हॉस्पिस ही एखादी इमारतच असायला हवी असं नाही. आपल्याकडे बऱ्याचदा हीच सेवा टीम घरी येऊन देते. 'पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे त्रास कमी करणारी उपशामक सेवा, हा शब्द जास्त व्यापक आहे. ती आजाराच्या सुरुवातीपासून, केमो चालू असतानाही घेता येते.

डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." म्हणजे सगळं संपलं ना?

रोगावरचे उपाय संपले असतील. उलटी, खाज, बद्धकोष्ठता, दम, जखमेचा वास, अंथरुणातल्या जखमा, रात्रीची घालमेल, यांतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर करण्यासारखं काहीतरी असतं. 'सेवा करा' म्हणून घरी पाठवणाऱ्या डॉक्टरांना तिथेच थांबवून विचारा, "पॅलिएटिव्हसाठी कुणाकडे जाऊ? चिठ्ठी द्या." शेवटचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी हातात असल्याशिवाय बाहेर पडू नका. नव्या टीमला पहिल्या दिवशी हेच लागतं.

हॉस्पिसमध्ये ठेवलं तर लोक म्हणतील, टाकून दिलं.

म्हणतील. त्यांपैकी रात्री जागायला कोण येणार आहे, तेही विचारून ठेवा.

कधी सुरू करावं?

तुम्हाला वाटतं त्याच्या बरंच आधी. बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात धावत येतात. तोवर टीमला पेशंटची ओळख करून घ्यायलाही वेळ उरत नाही. वेदनेचं औषध बसवायला, म्हणजे किती, कधी आणि कशाबरोबर हे जुळवायला काही दिवस जातात. अमेरिकेत हॉस्पिसची पात्रता ठरवताना साधारण सहा महिन्यांचं आयुष्य उरल्याचा वैद्यकीय अंदाज लागतो. आपल्याकडे असा कागदी उंबरठा नाही, त्याचा फायदा घ्यावा.

महाराष्ट्रात आणि गोव्यात अशा संस्था आहेत कुठे?

गरजेच्या मानानं फारच थोड्या. देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतच सुरू झालं. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला स्थापन केलेलं शांती अवेदना सदन आजही आहे. त्याची केंद्रं गोव्यात लोटलीला आणि दिल्लीलाही आहेत. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र चालतं. तिथे पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं आणि राहता राहता शुश्रूषाही शिकतं. या दोन्ही संस्था पेशंटकडून पैसे घेत नाहीत. परळच्या टाटा हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे, आणि त्यांची माणसं घरीही जातात. नागपुरात स्नेहांचल आहे. मुंबईत घरी येऊन सेवा देणाऱ्यांत पॅलकेअरचं नाव घेता येईल.

ही नावं शोध कुठून सुरू करायचा हे कळावं म्हणून दिली आहेत, प्रशस्तिपत्रक म्हणून नव्हे. इथे लिहिलेले प्रश्न यांनाही विचारा, ते रागावणार नाहीत. शिवाय, यांतल्या बऱ्याच संस्थांचं काम मुख्यतः कॅन्सरच्या पेशंटसाठी आहे. पार्किन्सन्स, डिमेन्शिया, फुप्फुसाचा किंवा किडनीचा जुना आजार असेल, तर 'तुम्ही असा पेशंट घेता का?' हे फोनवर सगळ्यात आधी विचारा. आमच्या शेजारच्या काकू डिमेन्शियाच्या यजमानांसाठी तीन ठिकाणी हेलपाटे घालून आल्या आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं: आम्ही फक्त कॅन्सर बघतो.

तालुक्याच्या गावी राहत असाल तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्हची ओपीडी आहे का, याची चौकशी करा. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांतही वृद्धांची आणि उपशामक सेवा धरलेली आहे. कुठे ती खरंच चालते, कुठे नुसती पाटी असते. केरळशी तुलना केली तर मन खट्टू होतं. तिथे १९९३ साली कोळिकोडला सुरू झालेल्या कामातून गल्लोगल्ली स्वयंसेवक उभे राहिले. राज्यानं २००८ मध्ये धोरण केलं, आणि आज पंचायतीची टीम नर्सला घेऊन घरी जाते.

एकच प्रश्न विचारायचा असेल तर कोणता?

"रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर काय होईल?"

उत्तर नीट ऐका. 'काळजी करू नका, आम्ही आहोत ना' हे उत्तर नव्हे. उत्तर असं हवं: या नंबरवर फोन करा, ड्यूटीवरच्या सिस्टर उचलतील, त्यांच्यासमोर पेशंटची फाइल असेल, घरी ठेवलेल्या पाकिटातली अमुक गोळी द्यायला सांगतील, अर्ध्या तासानं परत फोन करतील, फरक नसेल तर डॉक्टरांना जोडून देतील. एवढं तपशिलात सांगू शकणाऱ्या संस्थेनं रात्री दोनचा विचार आधी केलेला असतो.

आणि मग पडताळून बघा. पैसे भरण्याआधी एकदा रात्री उशिरा त्या नंबरवर फोन करा. आगाऊपणा वाटेल, वाटू द्या. पहिल्या संस्थेच्या बाबतीत मी हे केलं असतं तर ती रात्र बाबांनी पहाटेपर्यंत पलंगाची दांडी धरून काढली नसती.

मॉर्फिनबद्दल इतकं का विचारायचं?

कारण बाकीचं सगळं त्यानंतर येतं. मध्यम ते तीव्र वेदनेवर, विशेषतः कॅन्सरच्या, तोंडानं घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जगभर मान्य औषध आहे. ते महागही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये वेदनाशामकांची पायऱ्यांची शिडी मांडली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधं, वरच्या पायरीवर मॉर्फिन. आपल्याकडे बरेच पेशंट मधल्या पायरीच्या ट्रॅमाडॉलवर अडकतात, कारण वरची पायरी त्या गावात उपलब्धच नसते.

ती नसण्याला कायद्याचा इतिहास आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं मॉर्फिनभोवती परवान्यांचं असं कुंपण घातलं, की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. मंदसौर-नीमच पट्ट्यात अफू कायदेशीर पिकते, त्यापासून औषध बनतं, आणि शेजारच्या राज्यातला पेशंट विव्हळत राहतो, असा तो प्रकार होता. २०१४ च्या दुरुस्तीनं हे बरंच सोपं केलं. आता औषध प्रशासनाकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून एक मान्यता घेतली की मॉर्फिन ठेवता येतं.

म्हणून स्पष्ट विचारा: तुमच्याकडे मॉर्फिनची मान्यता आहे का? आज साठ्यात गोळ्या आहेत का? मागच्या वर्षभरात साठा कधी संपला होता का? मॉर्फिन लिहिणारे डॉक्टर रजेवर गेले तर कोण लिहितं? या प्रश्नांवर गुळमुळीत बोलणारी संस्था बाकी कितीही प्रेमळ असली, तरी तीव्र वेदनेच्या पेशंटसाठी मी ती घेणार नाही.

गोळी कशी देतात, यावरूनही संस्था कळते. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची असते. रात्री झोपमोड नको म्हणून बऱ्याचदा झोपतानाचा डोस वाढवून देतात. दोन डोसांच्या मध्ये कळ आली तर जादाचा डोस किती आणि कसा, हे लिहून दिलेलं असतं. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून असतं, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठता होतेच. 'दुखलं तर द्या' एवढंच लिहिलेली आणि पोट साफ होण्याच्या औषधाचा पत्ता नसलेली चिठ्ठी दिसली, तर ती लिहिणाऱ्याचं या विषयाचं शिक्षण झालेलं नाही असं समजा. किडनी बिघडलेली असेल तर मॉर्फिन शरीरात साठतं. अशा वेळी चांगले डॉक्टर स्वतःहून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, विचारतात, डोस बदलतात किंवा त्वचेवर चिकटवायच्या फेंटानिल या वेदनाशामकाच्या पट्टीकडे वळतात.

मॉर्फिननं व्यसन लागतं ना? आणि माणूस लवकर जातो म्हणे.

वेदनेसाठी, योग्य प्रमाणात आणि देखरेखीखाली दिलं तर ही भीती अनाठायी आहे. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळ होते, मग बहुधा ओसरते. बाबा पाचव्या दिवशी उठून बसले आणि पेपर मागितला. माझ्या आत्यानं तोवर 'विष देताय त्याला' असं म्हणून अबोला धरला होता. पेपर वाचताना त्यांना बघून तिनं तो सोडला.

तुमच्या घरातल्या आत्याला समजावण्यासाठी संस्थेनं वेळ दिला का, हेही मोजा. आमच्या सिस्टरनी दिला, चांगला पाऊण तास.

संस्था बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

वेळ न ठरवता, शक्यतो दुपारी चारच्या सुमारास किंवा रविवारी जा. सकाळी राउंडच्या वेळी सगळीकडे लगबग असते, त्यातून काही कळत नाही.

आधी नाकावर भरवसा ठेवा. फिनाइलचा थोडा वास चालेल. लघवीचा किंवा कुजल्यासारखा वास वॉर्डभर असेल तर चालणार नाही. गळ्याच्या, तोंडाच्या, स्तनाच्या कॅन्सरच्या उघड्या जखमांना वास येतो हे खरं. पण मेट्रोनिडाझोलची पूड जखमेवर टाकून तो बराच आटोक्यात आणता येतो, आणि हे फार स्वस्त औषध आहे. जखमेच्या वासानं घरातली माणसंसुद्धा लांब बसू लागतात. वासावर काम करणाऱ्या संस्थेला पेशंटची लाज कळलेली असते, असं मला वाटतं.

मग पलंगांकडे बघा. पाण्याचा पेला पेशंटच्या हाताला लागेल असा आहे का? बेल आहे का, आणि ती वाजवल्यावर किती वेळात कुणी येतं? पेशंटची नखं कापलेली आहेत का? ओठ आणि जीभ कोरडी पडून तडकलेली आहे का, की कुणी ओल्या कापसानं तोंड पुसतं आहे? बेडसोअर, म्हणजे अंथरुणातल्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात. त्याची नोंद करायचा कागद पलंगाला अडकवलेला असतो, तो वाचा. शेवटची नोंद सकाळची असेल तर समजून जा. दुखण्याची नोंद नाडी आणि तापाच्या शेजारी रोज होते का, तेही त्याच कागदावर दिसेल.

कर्मचारी बोलतात कसे, हे ऐका. 'सात नंबर' म्हणतात की 'जोशी आजी'? उभ्या उभ्या बोलतात की बसतात? पडदा ओढून कपडे बदलतात की तसेच?

आणि बाहेरच्या चहाच्या टपरीवर जा. तिथे पेशंटचे नातेवाईक असतात. दहा मिनिटं चहा घ्या. माहितीपत्रकात नसलेलं बरंच तिथे कळतं.

बाग, देवघर, टीव्ही, एसी? असेल तर छान. बाबांनी शेवटच्या महिन्यात एकदाही बाग मागितली नाही, खिडकी मागितली.

डॉक्टरांच्या आणि सिस्टरच्या शिक्षणाबद्दल विचारणं उद्धटपणा नाही का?

नाही. पॅलिएटिव्ह मेडिसिनमध्ये आता एमडी करता येतं. टाटा हॉस्पिटलात हा अभ्यासक्रम २०१२ पासून आहे. पण असे डॉक्टर कमी, म्हणून प्रत्येक ठिकाणी एमडीचा हट्ट धरू नका. भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटनेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, सिप्ला केंद्रात किंवा तिरुवनंतपुरमला डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्या पॅलियम इंडियातही प्रशिक्षण मिळतं. "तुम्ही या विषयाचं शिक्षण कुठे घेतलंत?" असं सरळ विचारा. शिकलेली माणसं खूश होऊन सांगतात.

होमकेअर आणि ब्यूरोची बाई यात फरक काय?

फार. ब्यूरोकडून येणाऱ्या मावशी किंवा वॉर्डबॉय अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं ही कामं करतात, आणि ती कामं मोलाची आहेत. पण औषध बदलायचा अधिकार त्यांना नाही आणि त्यांच्यामागे डॉक्टरही नसतात. हल्ली काही ब्यूरो स्वतःला 'पॅलिएटिव्ह होमकेअर' म्हणवून घेतात. त्यांना विचारा: प्रशिक्षित सिस्टर आठवड्यातून किती वेळा येतील? डॉक्टर किती दिवसांनी? पोटात पाणी झालं तर ते घरी काढता का? रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी), ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला केलेलं छिद्र) सांभाळता का? बाराऐवजी चोवीस तासांचा माणूस द्यायचा एवढंच ते बोलू लागले, तर ते ब्यूरोच आहेत.

चांगल्या टीमची एक खूण मला फार उशिरा कळली. ती सगळं स्वतः करत नाही, तुम्हाला शिकवते. आमच्या सिस्टरनी पहिल्या आठवड्यात आईला चादरीच्या घडीनं बाबांना कुशीवर कसं वळवायचं ते शिकवलं आणि तिच्याकडून तीनदा करवून घेतलं. सत्तरीची आई, बाबांच्या निम्म्या वजनाची, नंतर एकटी वळवायची.

जेवण बंद झालंय, पण ते सलाईन लावत नाहीत. संस्था पैसे वाचवते आहे का?

बहुतेक वेळा नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की चांगल्या संस्थांची सगळ्यात जास्त बदनामी यावरूनच होते. शेवटच्या दिवसांत भूक जाते, कारण शरीराला अन्न पेलत नाही. सलाईनचं पाणी फुप्फुसात, पायांत साठून त्रास वाढू शकतो. तोंड ओलं ठेवणं, चमच्यानं दोन घोट, बर्फाचा लहान खडा, एवढ्यानं कोरडेपणा कमी होतो.

तरीही कारण समजावून सांगणं हे त्यांचं काम आहे. 'आमची पॉलिसी नाही' असं तुटक उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. काही वेळा, म्हणजे उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर, त्वचेखालून सलाईन देणं योग्यही असतं. प्रत्येकाला सलाईन लावणारी संस्था जशी नको, तशी कुणालाच न लावणारीही नको.

आमच्या मामांनी चिकूचा रस आणला होता. सिस्टर म्हणाल्या, "जिभेवर लावा, गिळायचा आग्रह नको." बाबांनी चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. त्यांना चिकू कधीच आवडत नसे.

पेशंटला आजाराबद्दल सांगितलेलं नाही. संस्था सांगून टाकेल का?

टाकणार नाही, आणि खोटंही बोलणार नाही. चांगला समुपदेशक आधी पेशंटलाच विचारतो, "तुम्हाला काय माहीत आहे? आणखी जाणून घ्यायचंय का?" बहुतेक पेशंटना कळलेलं असतं. घरच्यांना त्रास नको म्हणून तेही नाटक करत असतात. बाबांनी समुपदेशक बाईंना पहिल्याच भेटीत सांगितलं, "हिला सांगू नका, पण मला ठाऊक आहे." आम्ही सहा आठवडे त्यांच्यापासून लपवत होतो.

तुमचं ऐकून पेशंटशी एक शब्द न बोलणारी आणि तुम्हाला न विचारता सगळं धाडकन सांगणारी, अशा दोन्ही प्रकारच्या संस्था मी टाळेन.

खर्च किती? विमा चालतो का?

धर्मादाय संस्थांत बऱ्याचदा काहीच नाही. खासगी होमकेअरमध्ये दर भेटीचे, रात्रीच्या फोनचे, साहित्याचे पैसे वेगवेगळे लागू शकतात. लेखी दरपत्रक घ्या. एअर मॅट्रेस, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, फाउलर बेड विकत घेऊ नका, भाड्यानं घ्या. अनेक गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं नाममात्र अनामतीवर देतात. आरोग्यविम्याच्या बऱ्याच पॉलिसी हॉस्पिटलात भरती होण्याशी बांधलेल्या असतात, म्हणून घरच्या सेवेचे पैसे मिळतील असं धरून चालू नका. पॉलिसीची कलमं आधी वाचा.

मोफत म्हणजे कमी दर्जाचं, हे या क्षेत्रात अजिबात खरं नाही. माझ्या अनुभवात तर उलटच होतं.

आयसीयू नको, व्हेंटिलेटर नको, असं बाबा म्हणतात. संस्थेचा याच्याशी काय संबंध?

मोठा संबंध आहे. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या खटल्यात सन्मानानं मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं. त्याआधी २०११ मध्ये केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात ही चर्चा देशभर झाली होती. २०१८ ची पद्धत फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टानं ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करता येतं. प्रत्यक्ष उपचार थांबवताना डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते.

चांगली संस्था हा विषय स्वतःहून काढते, पेशंट बोलू शकतो तेव्हाच. आणि त्याचं म्हणणं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. नाहीतर होतं असं: पहाटे श्वास बदलतो, घाबरून कुणीतरी अँब्युलन्स बोलावतं, आणि ज्यानं 'घरीच' म्हटलं होतं तो माणूस नळ्या लावून आयसीयूत जातो. आत प्रवेश नसतो म्हणून घरचे बाहेरच्या खुर्चीवर.

आम्ही अमेरिकेत आहोत. इथल्या हॉस्पिसचं काय बघायचं?

तिथे मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याखाली ही सेवा मिळते, आणि मेडिकेअरच्या केअर कम्पेअर या संकेतस्थळावर हॉस्पिसची तुलना करता येते. पेशंट गेल्यानंतर कुटुंबांना विचारलेल्या प्रश्नांचे निकालही तिथे असतात. भारतात असं काहीच नाही, त्यामुळे तुम्ही नशीबवान आहात. तरी टपरीवरच्या चहाला पर्याय म्हणून महाराष्ट्र मंडळातल्या कुणाचा अनुभव विचारा. शाकाहारी जेवण, मराठी बोलणारा स्वयंसेवक, शेवटी तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायची मुभा, अंत्यविधीपर्यंत कुणी जवळ बसू शकेल का, हे आधीच बोलून ठेवा. इंग्रजी येणारी आजीसुद्धा दुखायला लागलं की 'आई गं' म्हणते. ते सिस्टरला कळायला हवं.

सेवा पटली नाही तर तक्रार कुठे?

आधी त्याच संस्थेच्या प्रमुखांकडे, लेखी. बऱ्याच गोष्टी तिथेच सुटतात. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी जागी लावावे लागतात, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. खाटा असलेल्या संस्थेची नोंदणी महापालिकेकडे किंवा जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेकडे असते, तक्रारही तिथेच.

पण खरं सांगू? हातात आठवडे असतात, महिने नव्हे. भांडण नंतर करा, संस्था आज बदला. आम्ही चौथ्या दिवशी बदलली आणि तक्रार कधी केलीच नाही. ते चुकलंच.

शेवटच्या दिवसांत चांगली टीम काय वेगळं करते?

काय होणार, ते आधी सांगते. हातपाय गार पडतील, लघवी कमी होईल, श्वास मध्येच थांबून परत सुरू होईल, घशात घरघर होईल. ती घरघर ऐकून घरचे हादरतात. पेशंटला कुशीवर करून आणि औषध देऊन ती बऱ्याचदा कमी करता येते, आणि बेशुद्ध माणसाला त्याचा त्रास होत नसावा, हे आधी कुणीतरी सांगितलेलं असलं की आपण पळापळ करत नाही, जवळ बसतो. गिळता येत नसेल तेव्हाची औषधं, जिभेखाली किंवा त्वचेखाली देण्याची, घरात आणून ठेवलेली असतात.

मृत्यू घरी झाला तर दाखला कोण देणार, हेही आधी विचारून घ्या. ज्यांनी उपचार केले ते डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला देतात; घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४अ असतो. स्मशानात तो लागतो, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. पहाटे चार वाजता ओळखीच्या डॉक्टरला उठवून 'तुम्ही येऊन लिहून द्या' म्हणत फिरणारी घरं मी पाहिली आहेत.

गेल्यानंतर संस्थेचं काम संपतं का?

कागदोपत्री उरतं एवढंच की मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या परत द्यायच्या. त्या घरात ठेवू नका, कुणाला देऊही नका.

आमच्याकडे त्या घ्यायला सिस्टर पंधराव्या दिवशी आल्या. एअर मॅट्रेसही न्यायची होती. गोळ्या मोजून वहीत लिहिल्या, आईची सही घेतली, आणि मग मॅट्रेस गुंडाळायच्या ऐवजी तिच्यावरच बसल्या. आईला म्हणाल्या, "रात्री झोप लागते का?" आई म्हणाली, दोन वाजता जाग येते, वळवायची वेळ झाली असं वाटून. मग दोघींनी चहा घेतला. मॅट्रेस त्यांनी पुढच्या आठवड्यात नेली.